वज्राला दुखत का नाही

४ जानेवारी, शनिवार

अदृश्य होता येणार नाही! धाकट्या भावाला सकाळी चहाच्या आधीच सांगून टाकलं. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"ताई, अगं चित्रकथा आहे ही. लहान पोरं वाचतात. ती काही तुझ्या नर्सिंगच्या मुली नाहीत."

म्हटलं, मग मला विचारूच नकोस. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उजेड अडतो म्हणून आपल्याला दिसतं. सगळं शरीर आरपार झालं तर तो पडदाही आरपार. मग उजेड अडणार कुठे? अदृश्य माणूस ठार आंधळा असणार. तुझी वज्रा पहिल्याच चौकटीत खांबावर आपटेल.

तो खो खो हसला. मग म्हणाला, "हे तर अदृश्य होण्यापेक्षा भारी आहे!"

तिथेच ठरलं. मुलांच्या साप्ताहिकात त्याची 'वज्रा' सुरू होतेय, दर आठवड्याला दोन पानं. शक्ती तो शोधणार, तिचं कारण मी. पानाच्या तळाशी एक चौकट – 'वज्राचं विज्ञान'. नियम माझा: एका शक्तीमागे एकच थाप मारायची मुभा. बाकी शब्द न् शब्द खरा पाहिजे. खाली सही 'विज्ञानताई'. हे संपादकबाईंनी ठेवलंय. चोपन्नाव्या वर्षी नवं टोपणनाव!

९ जानेवारी

वज्रा पाण्याखाली बारा मिनिटं राहते. 'बारा' ही थाप. बाकीचं खरं आहे का, ते आज स्वतःवर करून पाहिलं.

न्हाणीघरात घमेलं, त्यात गार पाणी, बर्फ. बोटाला कॉलेजातून आणलेलं नाडी मोजायचं यंत्र. आधी आकडा अठ्ठ्याहत्तर. श्वास रोखला आणि तोंड बुडवलं. धाकटा आकडे वाचत होता, पाण्यातून घुमल्यासारखं ऐकू येत होतं – बहात्तर… चौसष्ट… अठ्ठावन्न… पंचावन्न. मग त्याचा आवाज चिरकला. "ताई, बस! पुरे झालं, वर ये!"

मी काहीच केलं नव्हतं. गाला-कपाळाला गार पाणी लागलं आणि हृदयाने आपणहून वेग कमी केला. हातापायांकडचं रक्त आखडून घेतलं, मेंदूसाठी राखून ठेवलं. सीलमध्ये हे आहे, देवमाशात आहे. आणि माझ्यात! दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, पोहता न येणाऱ्या बाईत!

तीस वर्षं हे फळ्यावर शिकवतेय. आज पहिल्यांदा भेटलं.

डोळ्यांत पाणी आलं होतं. धाकट्याला सांगितलं बर्फामुळे.

१० जानेवारी

सडकून सर्दी.

२३ जानेवारी

आठवडाभर एकच विचार डोक्यात. वज्राचं तुटलेलं बोट परत उगवतं, असं धाकट्याने काढलंय. म्हटलं, ही तर पालीची शक्ती, इथे मोठी थाप लागणार. वाचायला बसले तर काय – लहान मुलाच्या बोटाचं अगदी टोक तुटलं आणि नखाचं मूळ शाबूत राहिलं, तर ते टोक पुन्हा भरून येऊ शकतं. नखासकट! म्हणजे शक्ती आहेच. थाप फक्त 'किती' याची.

प्रत्येक वेळी हेच होतंय. मी कारण बनवायला जाते आणि ते आधीच तयार बसलेलं असतं. आपल्याच घरात भाडेकरूसारखं वावरत होते की काय इतकी वर्षं!

वर्गात आज मुलींना बोटं बघायला लावली. दहा मिनिटं सगळ्या आपापल्या नखांकडे टक लावून. मागच्या बाकावरची एक कुजबुजली, "मॅडमना काय झालंय?"

२ फेब्रुवारी, रविवार

धाकटा म्हणाला, "आता खरी शक्ती. वज्राला काही म्हणजे काही लागत नाही. जळत्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावरून उडी मारते आणि हसत उठते."

लागत नाही हे जमणार नाही, म्हटलं. हाडं आहेत ना तिला? पण लागलेलं कळत नाही – हे जमेल.

आणि मग दिवसभर जेवणखाण सुचलं नाही.

दुखणं बोटात नसतंच! बोटात फक्त निरोप असतो. नसेच्या टोकाला अतिसूक्ष्म दारं असतात. चटका बसला, काही टोचलं की दार उघडतं, सोडियम आत घुसतो आणि निरोप धावत सुटतो. हातातून, पाठीच्या कण्यातून थेट मेंदूत. दुखतं ते तिथे. आणि त्या मेंदूला स्वतःला सुरी लावली तरी दुखत नाही! सगळ्या गावाची दुखणी ऐकून घेणारा, आणि स्वतःला काही नाही.

काही माणसांत त्यातलं एक विशिष्ट दार जन्मापासून उघडतच नाही. स्पर्श कळतो, गुदगुल्या होतात, गार-गरम समजतं. दुखत तेवढं नाही. कधीच नाही. अशी माणसं खरोखर आहेत, जगभरात मोजकी.

म्हणजे या चौकटीत थाप एकही नाही. पहिल्यांदाच!

लिहून पाठवली. दोन ओळी जास्त होत होत्या म्हणून शेवटचं वाक्य खोडलं – 'अशा माणसांना जखम झालेली कळत नाही, म्हणून त्यांना फार जपावं लागतं.' तसंही ते वाक्य रटाळच होतं. गिरणीची उडी झाल्यावर कोण वाचणार?

१५ फेब्रुवारी

गिरणीचा अंक आला. धाकट्याने काय काढलीय ती उडी! आख्खं पान. केस वर, ज्वाळा मागे, आणि चेहऱ्यावर ते हसू. कॉलेजातल्या ग्रंथपालबाईंनी अंक मागून नेला, परत द्यायचं नाव नाही.

२४ फेब्रुवारी

संपादकबाईंनी एक पत्र पाठवलंय. 'विज्ञानताईंना द्यावे' असं पाकिटावर.

चार वेळा वाचलं. बाई बसस्थानकावर घोषणा करतात – कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगतात. मुलगी आठ वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून सगळे भिंगरी म्हणतात. तिचं ते दार बंद आहे. जन्मापासून.

"तुमचा अंक वाचून ती पहिल्या मजल्याच्या गच्चीवरून खाली उडी मारून आली. हसत घरात आली, जेवली, खेळायला गेली. मला तीन तासांनी सूज दिसली. दोन्ही टाचांची हाडं मोडली आहेत."

मोडलेल्या टाचांवर तीन तास खेळत होती.

पत्रात राग नाही. शिवी नाही. असती तर बरं झालं असतं. शेवटी एवढंच – "ती तुम्हाला भेटायचं म्हणते."

धाकटा वाचून भिंतीकडे तोंड करून बसला. "मीच काढली ना ती उडी," म्हणाला. मी त्याला सांगितलं नाही की एक वाक्य होतं आणि ते मी खोडलं. दोन ओळींसाठी.

२५ फेब्रुवारी

सांगितलं त्याला. माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. लहान तो आहे की मी?

२७ फेब्रुवारी

जाऊन आले. आजच लिहायला हवं.

दार भिंगरीच्या आईने उघडलं. आवाज ओळखीचा वाटला – अर्थात! कित्येकदा याच आवाजाने मला गाडी सांगितली असेल. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून आरोळी, "आई, त्या आल्या का?"

खाटेवर भिंगरी. दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत प्लास्टर, त्यावर स्केचपेनने वज्राची चित्रं. जिभेच्या कडेला जुना व्रण. करंगळीचं वरचं पेर अर्धंच – दात येताना तिने स्वतःच चावून टाकलं होतं, आईने नंतर सांगितलं. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "विज्ञानताई अशा असतात होय? मला वाटलं पांढरा कोट असेल."

मग प्रश्नांची फैर. माझ्या नसेला खरंच दार आहे? किती मोठं? कुलूप आहे की कडी? मी कागदावर काढून दाखवलं. तिने तो कागद उशीखाली ठेवला.

मला एकदम आठवलं आणि मी विचारलं, "भिंगरी, तुला वास येतो का गं? फुलाचा, साबणाचा?"

आई दचकली. "तुम्हाला कसं कळलं? तिला वास येतच नाही. दूध करपलं तरी कळत नाही. आम्हाला वाटलं ते वेगळंच काहीतरी."

वेगळं नाही. नाकातल्या नसांनाही तेच दार लागतं. एकच दार – आणि त्यामागे चटकाही अडलाय, मोगराही. हे सांगताना मलाच शहारे आले. आई खाटेच्या कडेला टेकल्या. मग म्हणाल्या, "आठ वर्षांत कुणी असं जोडून सांगितलं नव्हतं."

मग मी खोडलेल्या वाक्याचं सांगितलं. सरळच सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. म्हणाल्या, "बाई, तुमचा राग येतो. खोटं नाही बोलत. पण आठ वर्षं मी हिला सांगत आले की तुझ्यात काहीतरी कमी आहे. तुमच्या त्या चौकटीने एका दिवसात सांगितलं की जास्त आहे. उडी मारून आली तेव्हा असा चेहरा होता हिचा – मी कधी पाहिला नव्हता. आता त्या चेहऱ्याचं काय करू, ते तुम्हीच सांगा."



निघताना भिंगरी म्हणाली, "थांबा ना, माझी तपासणी बघून जा."

रोज संध्याकाळी ती करते. छोटा गोल आरसा घेऊन, गाणं म्हणत. आधी जीभ. मग दोन्ही डोळ्यांच्या पापण्या उलटून – केस गेला तरी कळत नाही, बुबुळावर ओरखडा पडतो. मग बोटं, एकेक, पुढून-मागून. कोपरं. प्लास्टरच्या कडा, तिथे काचतं. एरवी तळपाय. एकही जागा सुटली नाही. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुली रुग्णाला इतकं नीट तपासत नाहीत!

"आणि मधेच लागलं तर?" मी विचारलं.

"मग आईचं तोंड बघायचं. तिचं तोंड असं झालं," तिने करून दाखवलं, "की समजायचं, मला लागलंय."

म्हणजे हिचं दुखणं त्या आईच्या चेहऱ्यावर उमटतं आणि ही ते तिथून वाचते! कुठल्या पुस्तकात आहे हे?

"तुम्हाला दुखतं तेव्हा कसं असतं?" तिने विचारलं. मी दोन-तीनदा सुरुवात केली आणि जमेना. शेवटी म्हटलं, आतून कुणीतरी सारखं म्हणतं – इकडे बघ, इकडे बघ.

तिने विचार केला. "मला कुणी म्हणत नाही," म्हणाली, "म्हणून मीच बघते."

परत येताना दोन थांबे पुढे गेले. उतरायचं सुचलंच नाही.

१ मार्च

शक्ती चुकीची ठरवली होती आपण. न दुखणं ही शक्ती नव्हेच. ती नुसती बंद पडलेली घंटा. घंटा बंद असताना अख्ख्या शरीरावर रोज पहारा देणं – आठव्या वर्षी, गोल आरसा घेऊन, गाणं म्हणत – ही शक्ती!

धाकट्याला हे सांगितलं तर म्हणतो, "पटतंय गं. पण दोन पानं एक मुलगी बसून स्वतःचे पाय बघतेय? ताई, ही गोष्ट नाही, आरोग्यखात्याचं पत्रक झालं."

भांडलो. जोरात. शेजारच्यांनी रेडिओ बारीक केला.

३ मार्च

आज त्यालाच घेऊन गेले भिंगरीकडे. चित्रवहीसकट. तपासणी सुरू झाली तसा तो काढायला लागला. पापणी उलटली तिथे पेन्सिल थांबली. तिच्या आईकडे बघत राहिला, मग आईचा चेहरा काढू लागला.

घरी येऊन टेबलापाशी बसला तो अजून तिथेच आहे. जेवण झाकून ठेवलंय.

८ मार्च

पानं भिंगरीला दाखवली. ती कसली कडक परीक्षक! "डोळे विसरलात." "कानामागे?" "आरसा असा धरला तर उजेड डोळ्यात जातो, असा धरतात." धाकटा 'हो बाई, हो बाई' करत खोडतोय. वीस वर्षांत संपादकांचं इतकं ऐकलं नसेल.

मग तिने हळूच विचारलं, "विज्ञानताई, माझं दार उघडता येईल?"

खरं सांगायचं ठरवलंय तिला. म्हटलं, आज नाही येत. लोक शोधतायत. गंमत म्हणजे तुझं बंद दार बघूनच ते इतरांसाठी औषध शोधतात – ज्यांना फार दुखतं, त्यांचं दार थोडा वेळ लोटून ठेवायला.

"माझं बघून?"

हो.

मग आईला हाक मारून मोठ्याने, "आई! लोकांना माझं बघून औषध करतात!"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. नळ मात्र वाहत राहिला.

१२ मार्च

संपादकबाईंचा फोन. "अहो, गिरणीनंतर मुलं पुढच्या उडीची वाट बघतायत. आणि ही खाली बसलीय?"

म्हटलं, ती दोन पानं जशीच्या तशी, आणि मी खोडलेलं वाक्य ठळक अक्षरांत. नाहीतर चौकटीवरची माझी सही काढा. मला ते काम सोडायचं नव्हतं. या दोन महिन्यांत जितकं पाहिलं तितकं तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

तिकडे पानं उलटल्याचा आवाज. मग, "वाक्य तर छापणारच हो. त्यात माझीही चूक आहे, मी तरी कुठे विचारलं? पानांचं…" पुन्हा एक पान उलटलं. "ती पापणीची चौकट कुणी सुचवली?"

आठ वर्षांच्या सल्लागाराने, म्हटलं.

"छापते."

२२ मार्च

अंक आला. वज्रा जिंकते, लोक टाळ्या वाजवतायत, आणि ती कठड्यावर बसून आरसा काढते. दोन पानं. एकही हाणामारी नाही. शेवटच्या चौकटीत घोट्याजवळची सूज सापडते आणि ती स्वतःला म्हणते, "इकडे बघ."

३ एप्रिल

एकोणीस पत्रं! उडीला सात आली होती. मुलांनी स्वतःच्या तपासण्या पाठवल्यात. कुणाला कोपरावर कधीचा व्रण सापडला, कुणाला पाठीवर तीळ. चाकांच्या खुर्चीतली एक मुलगी लिहिते – "मला कमरेखाली काही कळत नाही. मीपण आरशाने बघते. मला वाटायचं मी एकटीच."

भिंगरीने ते पत्र स्वतःकडे मागून घेतलं. उत्तर तीच देणार म्हणे.

१४ एप्रिल

प्लास्टर निघालं. हाडं जुळलीत. डॉक्टर म्हणाले पुढेही जपावं लागेल, जन्मभर. आई म्हणाल्या, "तिला माहितीय." नुसतं एवढंच, पण ज्या आवाजात म्हणाल्या! जणू फलाट जाहीर करतायत.

भिंगरीने पाय जमिनीला टेकवले आणि तळव्याला फरशीचा गारवा लागला तशी खुदखुदली. आई, धाकटा आणि मी तिच्या पायांकडे बघत उभे. दहा बोटं, दोन टाचा, आठ आठवड्यांची मळकट कातडी. याहून थोर काही मी पाहिलेलं नाही.

२९ एप्रिल

परीक्षेचे पेपर तपासते आहे. नसांवरच्या प्रश्नाला एकीने लिहिलंय – 'दुखणे हा शरीराचा उपकार आहे.' पुस्तकात नाही हे. पूर्ण गुण दिले.

११ मे, रविवार

भिंगरी आणि तिची आई आल्या होत्या. पायांत नवे बूट, अंगात वारं. "आज सगळ्यांची तपासणी!" असं जाहीर करून आम्हाला ओळीने बसवलं. धाकट्याच्या बोटाला शाई निघाली. आईच्या मनगटावर इस्त्रीचा चटका. मग मी. हसत पाय पुढे केले.

ती थांबली. आरसा धरला, मलाही दिसेल असा.

डाव्या टाचेत ड्रॉइंग पिन. डोक्यापर्यंत आत. भोवती रक्त वाळून काळं झालेलं. आजची नाही ती.

पिन उपटली. काही नाही. उजव्या तळव्याला टोचून पाहिली. काही नाही.

भिंगरी घाबरली नाही. माझा पाय दोन्ही हातांत धरून हळूच म्हणाली, "तुम्हालापण?"

उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला जायचं. साखर बघायला – वाढली की ती आधी पायांच्याच नसा बधिर करते.